ढोल वाजला की मैना लंगडत नाही

१४ डिसेंबर, रविवार
पहाटे साडेपाचला शहाद्याहून स्कूटी काढली. बोटं बधिर. प्रकाशाला, माहेरी पोचले तर तापीवर नुसतं धुकं, पलीकडचा काठ कुणी पुसून टाकल्यासारखा. आबा तबेल्याच्या दारात घोंगडी पांघरून बसलेले, तोंडावर बोट. "हळू वं. घोडी झोपी ऱ्हायनी."
मैना उभ्याउभ्या झोपलेली. खालचा ओठ लोंबतोय. मीही तिच्या मानेला टेकले, पाचच मिनिटं म्हणून. बहुतेक डोळा लागला, कारण नंतर ऊन होतं आणि आबा चहा घेऊन उभे होते.
स्पर्धेला महिना राहिला. ड्रेसाज म्हणजे वाळूतली शिस्तीची चाल, क्रॉस-कंट्री म्हणजे रानातल्या उड्या, मग मैदानात जम्पिंग, असे तीन दिवस. आपल्या भागात, शहाद्याच्या जवळ! कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होते तेव्हा एकदाच उतरले होते. दुसऱ्या दिवशी सातव्या अडथळ्याला पडले, खांदा गेला. मग लग्न, पोरं, शाळेत पीटी शिकवणं. अजून स्वप्नात तो सातवा ओंडका येतो. घोडा उडतो आणि खाली येतच नाही.
आता बेचाळीस पूर्ण. यंदा नाही तर मग कसलं.

२१ डिसेंबर, रविवार
पपईच्या बागेमधून सरपट. दोन्हीकडून पानं, वर आकाशाची एक पट्टी. मै. आज धावत नव्हती, वाहत होती. उतरले तरी अर्धा तास पाय जमिनीवर नव्हते.
घरी हे म्हणाले, "तुन्ही घोडी, तुन्हा आबा, तुन्हं सपन. मी कोण शे?" म्हटलं, तुम्ही स्कूटीत पेट्रोल भरणारे. हसले. भरलंही.

२८ डिसेंबर, रविवार
आबांना जुन्या दिवसांची हुक्की आली. ढोल काढला. मै. चार वर्षं लग्नांत नाचलेली घोडी, तिला नाच आबांनीच शिकवला. नवरदेव पाठीवर, पुढे आबांचा ढोल. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा तीन वर्षांची होती, आता नऊ. दोन वर्षांपूर्वी मी हट्टाने उड्यांसाठी मागून घेतली. आबा तेव्हा आठ दिवस बोलले नव्हते.
आज पहिल्याच थापेला मान कमानीसारखी, गुडघे छातीपर्यंत. आबांचे डोळे मिटलेले. थाप पडते, पाय उचलतो, पुन्हा थाप. कोण कोणाला नाचवतंय तेच कळेना. मी चुलीपाशी बसून बघत राहिले, दूध उतू गेलं.

११ जानेवारी, रविवार
डा.पु. गरम.
डाव्या पुढच्या पायावर, गुडघ्याखाली मागच्या बाजूला हात ठेवला तर ऊब लागली. उजवा गार. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. माझाच हात गरम असेल.
आबांना बोलले नाही.

१२ जानेवारी, सोमवार
शाळेत जायच्या आधी मुद्दाम प्रकाशाला. पाय गार. बघ! उगाच मनाचे खेळ.
(चालताना किंचित? नाही. जमीनच उंचसखल आहे.)

१५ जानेवारी, गुरुवार
आज तपासणी. स्पर्धेचा नियमच आहे, आधी डॉक्टरपुढे प्रत्येक घोडा कडक जमिनीवर हाताने पळवून दाखवायचा. लंगडला तर तिथेच बाद.
डॉक्टर वसावे म्हणून मोलगीकडची बाई आहे, तिशीची असेल. बारीक, शांत, डोळे फक्त पायांवर. मी लगाम धरून मै.ला पळवलं. चौथ्या-पाचव्या पावलाला मला लगामातून कळलं. मान एकदा वर झाली, दुखरा पाय टेकला की घोडं झटकतं तशी. डॉक्टर म्हणाल्या, "परत एकदा दाखवता?"
परत फिरले आणि कुंपणापलीकडून ढोल.
आबा! ढोल घेऊन आलेले. मला पत्ता नाही. आंडेरची, लेकीची परीक्षा, मग बाप गप्प कसा बसेल? मै.ची मान उचलली, पाय लयीत, अंगात वारं शिरल्यासारखी. लोक टाळ्या, शिट्ट्या. कुठे लंगडतेय! अशी देखणी चाल तिथे कुणाची नव्हती.
डॉक्टरांनी ढोल थांबवा म्हणून हात केला, पण गर्दीत कोण ऐकतंय. पुढचा घोडा येऊन उभा राहिलेला. त्यांनी वहीत खूण केली. पास. मग जवळ येऊन हळूच, "मॅडम, मी दिसतं ते लिहिते. पाय रोज तुमच्या हातात असतो. काही वाटलं तर मला सांगा."
मी म्हटलं, "हो हो." कसं म्हटलं मलाच ठाऊक.
आबा घामाघूम, हसताहेत. "काय वं, कशी नाचनी मन्ही मैना!"

१६ जानेवारी, शुक्रवार
ड्रेसाज. मऊ वाळू, चुरचुर आवाज, सकाळचं कोवळं ऊन. मै. आणि मी दोघीच जगात. वर्तुळ, तिरकी रेघ, थांब, सलाम. कधी सुरू झालं कधी संपलं. उतरल्यावर कुणीतरी सांगितलं, तिसरा नंबर.
तिसरा! मी!
ह्यांनी पेढे आणले. आबा सगळ्यांना सांगताहेत, उद्या रानातल्या उड्या, परवा मैदानातल्या, मग बक्षीस.
संध्याकाळी पायाची पट्टी सोडली. डा.पु. गरम. आज माझा हात थंड होता, बर्फाच्या पाण्यातून काढलेला. तरी गरम.
सातवा अडथळा बघून आले. ओंडकाच आहे, उतारावर. उडी मारून सगळं वजन पुढच्या पायांवर येणार. पायामागची शीर तिथे तुटली तर घोडी कोसळेल. मग काय करतात घोड्याचं, ते मी कॉलेजात एकदा पाहिलंय. लिहीत नाही.
माझा डोळा तरी ओंडक्यावरून हटेना. केवढा सुंदर कापलाय मेला.

१७ जानेवारी, शनिवार
माझी वेळ दहा चाळीस. सहाला मै.पाशी गेले. ती कान टवकारून. तिला ठाऊक असतं, आज धावायचंय. नाक माझ्या खिशात घातलं, गुळासाठी.
मनात म्हटलं, डॉक्टरने पास केलंय. तिसरा नंबर आहे. गार पाण्याची पट्टी बांधली की तासभर टिकेल. वीस वर्षं. अजून काय काय म्हटलं, सगळं लिहिण्यासारखं नाही. स्वतःला पटवायला बसले तर मी वकिलाच्या वरताण आहे.
मग तिला घेऊन मागच्या डांबरी रस्त्यावर गेले. डॉक्टर वसावेंना बोलावलं. म्हटलं, "आता बघा. ढोल नाही."
दहा पावलं पुरली. डाव्या पायाला मान वर, डाव्या पायाला मान वर. आंधळ्यालाही दिसेल.
डॉक्टरांनी खाली बसून शीर दोन बोटांत धरली. मै.ने पाय ओढून घेतला. मी म्हटलं, ढोलावर कशी चालली मग? तर म्हणाल्या, "आमच्याकडे होळीला माणसं ढोलावर रात्रभर नाचतात. सकाळी ढोल थांबतो तेव्हा कळतं, पायात काटा होता."
नाव मीच मागे घेतलं. कागदावर सही केली.
आबा खवळले. "पास व्हयेल घोडी! पास व्हयेल! तुले भ्याव वाटनं, दुसरं काय?" मी पण ओरडले. सगळ्यांसमोर. आबा, तुमच्या ढोलाने पास झाली ती! आबा तिथेच गवतावर बसले. "मी तं तुन्हासाठे वाजाडं," एवढंच.
दहा चाळीसला माझ्या नावाची घंटा झालीच नाही. मी झाडाखाली. दुसऱ्यांचे घोडे लांबून ठिपक्यांसारखे, वर जात, खाली येत. डुलकी लागली. स्वप्नात मैना सातव्यावरून उडाली. यावेळी खाली आली आणि चरायला लागली.

२० जानेवारी, मंगळवार
डॉ. वसावे सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन प्रकाशाला आल्या, आपणहून. पडद्यावर राखाडी रेघा, मधे एक काळं भोक. ती नवी जखम. त्याच्या बाजूला पांढरट गाठी.
"ही जुनी आहे. भरली, परत फाटली, परत भरली."
आबा मागे उभे होते. "जुनी म्हंजे कितली?"
"काका, ते मशीन सांगत नाही."
सहा महिने आराम. रोज सकाळी गार पाण्यात उभी करायची. उड्यांचं नंतर बघू म्हणाल्या.
त्या गेल्यावर आबा खाटेवर बसले.  चहा निवला. मग माझ्याकडे न बघता, "कितला लगनमा नाचाडी मी तिले. तवयबी दुखत व्हई का वं?"
मी काय सांगणार? दोन वर्षं उड्या मीच मारून घेतल्या. नाही आबा, म्हणायला हवं होतं. उठून मै.ची पट्टी बदलली. 

१ फेब्रुवारी, रविवार
तापीत मै. गुडघाभर पाण्यात. मीही, सलवार वर खोचून. धुकं आहे तोवर नदीला काठ नसतो. आम्ही कुठे उभ्या आहोत तेच कळत नाही. देवळाची घंटा पाण्यावरून येते. दर्शनाला आलेल्या एका म्हातारीने मै.च्या पायाला हात लावून नमस्कार केला, डाव्याच पायाला. म्हटलं, आजी, बरा कर म्हणून सांग. म्हणाली, "सांगं वं माय, कवयच सांगं." आधीच सांगून झालेलं.
आबा घाटावर टॉवेल घेऊन. आता तेच पाय पुसतात, मला हात लावू देत नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार
लग्नवाले आले होते. घोडी नसेल तर नसू दे, आबांचा ढोल तरी हवा. आबांनी नाही सांगितलं. ढोल माळ्यावर. वर गोधडी टाकून ठेवलाय, त्याला थंडी वाजेल जशी!
जेवताना म्हणाले, "पन खुश दिसे ती. नाचे तवय खुश दिसे." मी म्हटलं, दिसायची खरी.

८ मार्च, रविवार
पाय गार. सलग अकरा दिवस. मोजू नये म्हणतात, मोजतेय.
हे म्हणाले, "पुढला वरीसले करशी का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी हेल्मेट पुसून परत खुंटीला लावलं.  भला माणूस आहे.

२६ एप्रिल, रविवार
संध्याकाळी पाच. मी मै.ला खरारा करत होते. वेशीकडून वरात. आधी पुसट, मग जवळ. आपल्याच गल्लीतून! ढोलाची पहिली थाप कानावर पडली आणि खराऱ्याखाली मै.चं अंग बदललं. मान वर. डा.पु. उचलला. ठेवला. उचलला.
आबा खाटेवरून उठले ते अनवाणीच. बहात्तर वर्षांचा माणूस, धोतर सावरत वरातीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा. "बंद करा रे भो! मन्ही घोडीना पाय दुखस!"
वरात थांबली. नवरदेव दुसऱ्या घोडीवर बसून हसतोय. कुणीतरी म्हणालं, आबा येडा व्हई गया. ज्याने गावातली निम्मी लग्नं वाजवली तो म्हणतो, वाजवू नका! पण थांबवलं खरं, अर्ध्या गल्लीपुरतं. मग पुढे वळणावर पुन्हा सुरू.
आबा धापा टाकत तबेल्यात आले. मै.च्या तोंडापाशी उभे राहिले आणि तिचे दोन्ही कान तळहातांनी झाकले. लहान पोराचे झाकतात तसे. कपाळाला कपाळ. मी खरारा हातात धरून तशीच उभी. तबेल्यात कडब्याचा वास, दारातून तिरपं पिवळं ऊन, त्यात धूळ तरंगतेय.
ढोल लांब गेला. मला तर ऐकूच येईनासा झाला.
आबांनी डोळे न उघडता विचारलं, "थांबनी का?"
मी खाली पाहिलं. मै. डावा पाय उचलत होती. अगदी थोडा, दोन बोटं. ठेवत होती, उचलत होती. दुखतंय म्हणून, की नाचावंसं वाटतंय म्हणून?
हात लावून पाहिला. गार होता.