पुलाखालची पाचर

भिवपुरी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. योगेंद्र यास छायाताईचा आशीर्वाद.

गणपतीत भांडल्यापासून तुझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून हे पत्र. आमच्या दाराजवळचा रेल्वेचा पूल गाडी गेली की थरथरतो आन घराची भिंत तडकते. तू मोठ्या तोऱ्यात सांगितलंस, ताई, पुलाच्या पोटाला डबे टांगतो, थरथर निम्मी होईल. टांगलेस. आता दर गाडीला डब्यातलं लोखंड खडखडतंय. लेक सुरभी बाळंतपणाला आलीय, तिचं पोर दचकून उठतं. कशेळ्याच्या बाजारात बाया विचारतात, भावानं पुलाला खुळखुळा बांधला काय? इंजिनेर झालास, पण अक्कल कुठं गहाण ठेवलीस रं? येऊन बघ, नायतर आमचं आमी बघतो.

तरी लोभ हाय, तो घालवू नको.
छाया

पुणे, ८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. या थरथरीपायी मी कित्येक वर्षं घासली, आणि तू बाजारातल्या बायांचं ऐकून मला अक्कल शिकवतेस? आवाज होतोय तर होऊ दे. महिनाअखेरीस रेल्वेचे अधिकारी थरथरीची मोजणी करणार आहेत. थरथर कमी भरली नाही तर डबे उतरवतील आणि माझी नोकरी जाईल. तोवर तोंड मिटून राहा. पुलातलं तुला आणि येसाजी दाजींना काय कळतं? बाळाला माझा पापा.

उरलासुरला लोभ असू दे.
योगेंद्र

भिवपुरी, २० फेब्रुवारी

चि. योगेंद्रास आशीर्वाद, तुझी लायकी नसताना.

तोंड मिटलं बाबा. पण तुझी नोकरी जाईल हे वाचून माझ्या घशाखाली घास उतरंना. कुदळीचा दांडा खुळखुळला की आपण काय करतो? पाचर ठोकतो. पुलाखालचा ओढा सुकलाय, यांनी शिडी लावून डब्यांची झाकणं काढली. आत लोखंड स्प्रिंगवर मोकळंच लोंबत होतं! मी बाभळीच्या पाचरी तासून दिल्या, यांनी गच्च ठोकल्या आन झाकणं परत लावली. आता हू नाय की चू नाय. येऊ देत खुशाल तुझे साहेब. तुझी लाज आमी राखली. पुण्यात आभार मानायची पद्धत असली तर मान.

छाया

पुणे, ४ मार्च

ताई,

नमस्कार लिहायचीही इच्छा नाही. मी दौऱ्यावर होतो, तुझं पत्र मोजणी झाल्यावर हाती पडलं. डबे नापास झाले. पूल पहिल्यासारखाच थरथरला. अगं, ते लोखंड हलण्यासाठीच होतं! पूल खाली गेला की ते वर जातं, पुलाचा हिसका आपल्या अंगावर घेतं. तुम्ही त्याचे हातपाय बांधलेत.

पाचरींचं नाव काढलं तर पुलाला हात लावला म्हणून दाजी तुरुंगात जातील. म्हणून माझंच गणित चुकलं असं लिहून दिलं आणि घरी बसलोय. पुढच्या आठवड्यात डबे उतरवणार आहेत, त्याआधी गुपचूप पाचरी काढा. मला पुन्हा पत्र लिहू नकोस. लोभ पुरे झाला.

योगेंद्र

भिवपुरी, ९ मार्च

चि. योगेंद्र,

नको म्हणालास तरी लिहितेय, मोठी मी हाय. पाचरी नाय काढल्या. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, हे जेवलेच नायत. म्हणाले, मेव्हण्याची भाकरी घालवून मी कुणाला तोंड दाखवू? दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतला रेल्वेच्या साहेबांपुढं जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी स्वतः पाचरी बघितल्या. डबे उतरवायचं थांबलंय, मोजणी परत होणार. आन यांच्यावर केस झाली. मी पण तिथंच सांगितलं, ठोकल्या यांनी, पण तासल्या मी. म्हणून दोघांचं नाव लागलं.

आमच्यासाठी खोटं लिहून द्यायचं शहाणपण तुला कुणी सांगितलं होतं रं मेल्या? रडून रडून डोळं सुजलं माझं. मोजणीला छाती काढून उभा राहा. आन आमाला वकील बघ. चांगला बघ, चिकटपणा करू नकोस.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
छायाताई