कोपरा गेलेलं कार्ड

मु. आंबेवाडी, म्हसळा
ता. ११ डिसेंबर १९५८

दादास, केसरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही सगळी बरी हाय. तू बरा हायस ना? रीत म्हणून विचारत न्हाय, खरंच विचारते.

काशीला सातवा महिना लागला. खालचे दोन दात आलेत, अंगावर पिताना चावते. भाताची झोडणी उरकली, वाल पेरून झाले. सासूबाईंचा गुडघा तसाच.

दिवाळीपासून तुझं पत्र न्हाय. तर हे मिळाल्याबरोबर उत्तर धाड. तुझ्या हातानं लिही. खोलीतल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नको. तुझा 'क' मला वळखू येतो. दुसऱ्यानं लिहिलेलं मी मानणार न्हाय.

आता इकडचं. तुला ठाऊक हाय, गेल्या साली ह्यांना इंटर सायन्सला नऊ मार्क कमी पडले आणि डॉक्टरीच्या कॉलेजानं घेतलं न्हाय. आता मार्चात परत परीक्षेला बसायचं म्हणतात. माळ्याखालच्या भिंतीवर कोळशानं मार्चपर्यंतचे सगळे दिवस मांडलेत, कुठल्या दिवशी कुठलं पुस्तक ते. सासूबाई भिंत सारवायला गेल्या तर ओरडले, "आये, हात लावलास तर माझा फेब्रुवारी जाईल!"

पण दुसऱ्यांदा बसलेल्याला ते कॉलेज घेतं का, ते आधी कळाया पाहिजे. ह्यांनी दिवाळीतच विचारून पत्र घातलं. त्याचं उत्तर यायचं हाय. मामंजींनी सांगून टाकलंय, "नाताळापर्यंत वाट बघीन. न्हाय आलं तर पुस्तकं माळ्यावर आणि शिवदास मुंबईला, केसरच्या भावाबरोबर गोदीत."

कार्ड आलेलं न्हाय.

ह्यांना वाटतं मामंजींनीच दडवलं. परवा हे त्यांच्या पेटीत हात घालताना गावले. मामंजी म्हणाले, "बापाच्या पेटीत चोरासारखा?" हे म्हणाले, "चोर कोण ते कार्ड गावल्यावर कळंल." तेव्हापासून दोघं एका वेळी जेवाया बसत न्हाईत. मीच दोनदा पानं वाढते.

मी म्हटलं, पोस्टमन सदानंच कुठं टाकलं असंल. तसं बोलाया नको व्हतं. गरीब माणूस हाय.

सासूबाई माझ्याकडं बघत असतात. काल विचारलं, "त्या सोमवारी भर थंडीत पोरीला डोक्यावरून पाणी का घातलंस? आणि तू पण लुगड्यासकट न्हालीस." मी म्हटलं, अंगावर शेण उडालं. त्यांनी नुसतं 'हं' केलं. ते 'हं' मला पाठीत टोचतं.

दादा, तू बरा हायस ना?


ता. १८ डिसेंबर

वरचं पत्र टाकलं न्हाय. सदाच्या हाती द्यायची भीती वाटली. आणि लिहिलं ते अर्धंच लिहिलं. बाकीचं आता लिहिते.

कार्ड आलं व्हतं. एक तारखेला, सोमवारी, सदानं माझ्याच हातात दिलं. घरची सगळी खळ्यावर, मी काशीला कडेवर घेऊन दारात. इंग्रजी अक्षर, तेही छापील. मुंबईचा शिक्का, तेवढा मला कळतो. आणि वरचा कोपरा गेलेला.

मयताचं कार्ड कोपरा फाडून येतं आणि ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नसतं, हे आपल्या आईनंच शिकवलं ना? मुंबईत माझं तुझ्याबिगर कोण हाय? वाटलं, गोदीत काही झालं, आणि गोदीवाल्यांनी इंग्रजीत कळवलं. काशीनं कार्ड मुठीत धरलं व्हतं. मी तिच्या बोटांतून ओढून काढलं, गोठ्याच्या कुडात काटक्यांमधी खोचलं, आणि तिला, मला गार पाण्यानं न्हाऊ घातलं. रडले न्हाय. रडले असते तर कुणीतरी कार्ड वाचलं असतं. वाचलं न्हाय तोवर तू हायस, असं मी धरून बसले.

पण सगळं तुझ्याच भीतीनं न्हाय, दादा. तुझ्याशी खोटं बोलून काय करू?

चौथ्या दिवशी हे जेवताना बोलले की कॉलेजवाले छापील अक्षरात लिहितात. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तेव्हाच गोठ्यात जायला पाहिजे व्हतं. गेले न्हाय. तुझं निघालं तर तू गेलास. त्यांचं निघालं तर हे गेले, पाच-सहा वर्षं तिकडं. डॉक्टर झाल्यावर दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईकडं कोण परत येतंय? दोन्हीकडून माझंच जाणार व्हतं. म्हणून गाईला वैरण घालताना कुडाकडं पाठ करायचे.

काल पाणवठ्यावर शेजारची वेणूबाई सांगत व्हती. त्याच सोमवारी तिलाबी कोपरा गेलेलं कार्ड आलं. हिनं अंगणातच बहिणीच्या नावानं गळा काढला. बाया जमल्या. मास्तरांनी वाचलं तर बहिणीला मुलगा झालेला! "अर्धं रडून झालं व्हतं गं," म्हणाली, "उरलेलं तसंच हसण्यात घातलं." सदा तिला म्हणाला, होडीत उंदरानं थैली कुरतडली, वरच्या सगळ्या कार्डांचे कोपरे गेले.

बाया हसत व्हत्या. मी कळशी तिथंच टाकून पळाले.

कार्डाला वाळवीची माती लागली व्हती, पण अक्षरं शाबूत. खळ्यावर बाप-लेक पेंढा रचत व्हते, एकमेकांकडं पाठ करून. मी कार्ड ह्यांच्या हातात दिलं आणि कुठं व्हतं ते सांगितलं. का ठेवलं तेबी सांगितलं. तुझं सांगितलं. दुसरं न्हाय सांगितलं.

ह्यांनी वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सोळा दिवस?"

एवढंच.

मामंजींनी विचारलं, "काय म्हणतात?" आठ दिवसांनी पहिला शब्द.

"मार्चचे मार्क धरतील म्हणतात. पण गुणपत्रक घेऊन वीस तारखेपर्यंत समक्ष येऊन नाव लावा. न्हायतर या साली न्हाय."

"वीस म्हणजे तीनच दिवस?" मामंजी पेंढ्यावरून उतरले. हे पाया पडाया वाकले तर म्हणाले, "ते नंतर. आधी बापाची पेटी उघड, आता माझ्यादेखत उघड. तळाला माझा लोकरीचा कोट हाय, तो घाल. मुंबईत आमचा चोर उघडा दिसाया नको."

सासूबाई मला म्हणाल्या, "शेण उडालं व्हय गं?" आणि काशीला माझ्याकडून घेतलं. रागानं घेतलं का मला मोकळं केलं, कळलं न्हाय.

हे रातभर माझ्याशी बोलले न्हाईत. सकाळी भिंतीवर आजच्या तारखेवर काट मारली आणि कोळसा माझ्या हातात दिला. म्हणाले, "मी येईपर्यंत रोज एक दिवस तू काट." ह्यात काय हाय, दादा? राग असता तर कोळसा दिला असता का? का मी मोजत बसावं, ही शिक्षा हाय? तू ह्यांच्या तोंडाकडं बघ आणि मला कळव. मला आता माझ्या बघण्याचा भरवसा न्हाय.

आता हे निघतायत. दिघीहून होडीनं आगरदांडा, तिथून मुरूडची मोटार. हे पत्र त्यांच्याच हाती देते. पाकीट चिकटवलं न्हाय. वाटेत वाचलं तर वाचू दे, माझ्या तोंडून निघालं न्हाय ते तरी कळंल.

ते कार्ड तुझं नव्हतं, हे मला समजलंय. पण तुझं अक्षर अजून आलेलं न्हाय.

उद्या सांजेला हे तुझ्या खोलीवर थाप मारतील. दार तू उघड, दादा. दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नको.

कोळसा हातात घेऊन बसलेली,
तुझी केसर