आईची अर्धी वाकळ

तीर्थरूप आप्पांना प्रतिक्षाचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी पोर्तुगालात नीट पोचले, काळजी करू नका. जिच्या घरी उतरलेय ती मारिया आजी लई मायाळू हाय. घरामागं डोंगर, खाली नदी. माझी भाकरी तिनं आवडीनं खाल्ली. तुमी दोन्ही वेळ जेवता की न्हाय?

कलेच्या जत्रंत आईच्या वाकळा टांगल्यात. लोक टाक्यांवरनं हात फिरवत्यात. काल एका बाईनं अर्धी राहिलेली वाकळ बघून विचारलं, "ही पुरी कवा करणार त्या?"

"पुढच्या महिन्यात," असं मी खोटंच बोलले. मग मंडपामागं जाऊन लई रडले. मारिया आजी माझ्याजवळ येऊन बसली.

आज त्या बाईला गाठून खरं सांगितलं, की शिवणारी माझी आई होती, केसरबाई, अन् ती उन्हाळ्यात गेली. आप्पा, तिचं नाव मी लई दिसांनी घेतलं. तवा ध्यानात आलं, ती गेल्यापास्नं आपल्या घरात तिचं नाव कुणीच घेतलं न्हाय. तुमी न्हाय, मी बी न्हाय.

मी आल्यावर आपण तिच्याविषयी बोलू. रडू आलं तर येऊ द्या.

तुमची लेक,
प्रतिक्षा