रुताची पोटरी

१० ऑगस्ट

रुताला पुरलं. घरासमोर, बाबांच्या शेजारी. चौतीस वर्षांची. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी.

रिवाजाप्रमाणे आहेराच्या चटया आल्या, चटया गेल्या. माशांच्या डब्यांची खोकी दारापर्यंत रचली आहेत. सगळे रडले. मला रडूच येईना, म्हणून मागे जाऊन टारोचे कंद सोलत बसले.

१२ ऑगस्ट

डॉक्टर सेउलीबाईंनी आपिया शहरातल्या दवाखान्यात बोलावलं. एकटीच गेले.

"तुम्हा दोघी बहिणींना एकच दुखणं ना? पाळी महिनोन्महिने येत नाही, अंडाशयात बारीक गाठी, हनुवटीवर केस?"

हो म्हटलं. केस मी चिमट्याने काढते. रुता म्हणायची, "राहू दे गं ताई, दाढी वाढली की तू पाद्रीबुवा."

बाई म्हणाल्या, या आजारात रक्ताला गोठायची खोड जरा जास्तच असते. त्यात पाळी यावी म्हणून रुता घेत होती त्या गोळ्या. त्यात वजन. त्यात ऑकलंडहून सामोआपर्यंत विमानात अवघडून बसणं. पायाच्या शिरेत गुठळी झाली, ती सुटून फुप्फुसात गेली.

मग विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

"नाही," म्हटलं.

खोटं बोलले. तोंडातून आपसूक गेलं.

१३ ऑगस्ट

आईनेच चोळला होता. गावात कुणाचंही अंग धरलं, पाय मुरगळला की आईकडेच येतात. रुता विमानातून उतरली तीच लंगडत. एक पोटरी टम्म. आई म्हणाली, "अवघडलाय पाय. टेक इथे." तीन दिवस खोबरेल लावून चोळला, पोटरीपासून वर वर. चौथ्या दिवशी रुता कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती बसलीच.

सेउलीबाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चोळल्यानेच गेली असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. गुठळी तशीही सुटली असती. पण सुजलेल्या पोटरीला पुन्हा कुणी हात लावू नये. आणि तुम्ही येऊन रक्त तपासून घ्या."

आईला सांगितलं तर ती खचेल. नाही सांगितलं तर ती उद्या आणखी कुणाचा तरी पाय हातात घेईल.

१५ ऑगस्ट

सांगितलं नाही. जेवले. झोपले.

१८ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना आटोपून पाद्रीणबाई आल्या, मागे चार शेजारणी. पाद्रीणबाईंना नाही म्हणायची गावात कुणाची टाप नाही. चटईवर पाय पसरला — डावी पोटरी लाल, उजवीच्या दीडपट. चार दिवस दुखतेय म्हणाल्या.

आईने खोबरेलाची बाटली काढली. रुता गेल्यावर पहिल्यांदाच. तिचा चेहरा जरा जिवंत झाला होता, तो मला बघवेना.

"आई, थांब. हात लावू नकोस."

पाद्रीणबाई म्हणाल्या, "का गं लुपे? माझ्या पायाला काय धाड भरलीय?"

सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. गुठळी, शीर, फुप्फुस. रुताचं नावही घेतलं. आवाज कापला नाही माझा. बातम्या वाचाव्यात तसं बोलले.

आईने बाटलीला बूच लावलं. उठून आत गेली. बाईंना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

१९ ऑगस्ट

आई बोलत नाही. माझ्याकडे बघतही नाही. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

२० ऑगस्ट

पाद्रीणबाईंच्या पायात गुठळीच निघाली. पोटात इंजेक्शनं देताहेत, वाचल्या. पाद्रीबुवांनी भाजलेलं अख्खं डुक्कर पाठवलं. शेजारी म्हणाले, "लुपे, तुझ्यामुळे!" आईने घासही घेतला नाही.

माझंही रक्त काढून घेतलं. दंडावर कापूस दाबून बसले होते, काही दुखलं नाही.

२१ ऑगस्ट

सकाळी चादर पिळताना आई आपणहून बोलली.

"मला कळलं होतं गं. तिसऱ्या दिवशी चोळताना माझ्या अंगठ्याखाली काहीतरी टणक होतं, ते सरकलं. मी रुताला म्हटलं, सुटलं बघ बाळा, उद्या पळशील. तिने माझा हात गालाला लावला."