गळ्यातलं लाल कार्ड

थंडर बे
१९ जानेवारी २०२५

चि. हेल्मी हिस आर्वोचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. आतली शिवण बोटांना टोचते म्हणून मी ते उलटे घालतो. राग मानू नकोस, ऊब तेवढीच मिळते.

बातमी अशी की ऑटिस्टिक मोठ्या माणसांचं आमचं शनिवारचं मंडळ मी सोडतो आहे. आठ फेब्रुवारीला वाचनालयाच्या तळघराची किल्ली परत करीन. कारण लिहून कळवतो, म्हणजे तू फोन करणार नाहीस.

उन्हाळ्यात आम्ही चौघंच होतो. त्यातल्या ग्लेंडाचा अकॉर्डियन मी दुरुस्त करून दिला. आतल्या धातूच्या जिभा घासून सुरात आणायला मला कोणी शिकवलं नाही, हे तू जाणतेसच. तेव्हापासून दर शनिवारी ती थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतायची, त्यातला एक माझा. कुठेही फोन करण्याआधी आपली वाक्यं कागदावर लिहून घ्यावीत, हे मी तिच्याकडून शिकलो. फ्रीजमधल्या डब्यांवर तारखा लावायला ती माझ्याकडून शिकली.

ऑक्टोबरात माणसं चौदा झाली. कोणाला बोलायचंय आणि कोणाला नाही, ते कळेना. म्हणून मी गळ्यात घालायची कार्डं केली. हिरवं म्हणजे कोणीही बोला, पिवळं म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, लाल म्हणजे कोणी बोलू नका. नियम मीच टाइप करून दारावर लावले. नेमका त्याच दिवशी टेरेन्स आला. वय चौतीस, कार्ड कायम हिरवं. ग्लेंडाशेजारच्या माझ्या खुर्चीवर बसला तो बसलाच. माझा कप आता त्याच्या हातात असतो. त्यात तीन चमचे साखर घालून तो आठ मिनिटं ढवळतो. मी घड्याळ लावून पाहिलंय. गावातल्या बसचे सगळे मार्ग तिला ऐकवतो, त्यातला एक चुकीचा सांगतो, आणि ती हसते.

पंधरा शनिवार झाले, ग्लेंडा माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही.

हल्ली पोटात फार जळजळतं. आधी कॉफी सोडली, मग खारवलेला मासा. काडीचा फरक नाही. तिकडे विनिपेगला कोणी चांगला डॉक्टर असेल तर कळव.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
आर्वो


विनिपेग
२७ जानेवारी २०२५

ती. आर्वोदादास हेल्मीचा सा. न. वि. वि.

मोजे उलटे घाल नाहीतर कानांवर घाल, मला आनंदच आहे.

डॉक्टर नंतर बघू. तुझी ती वही उघड, ज्यात कुठलं दुखणं म्हणजे कुठली भावना याचे तू रकाने आखलेत. ही जळजळ रोज होते की फक्त शनिवारी? मी सात वर्षांची असताना तुझी गाडी सोडून शेजारच्या कालेव्हीच्या घसरगाडीवर बसले, तर तू पोट दुखतं म्हणून दोन दिवस पडून होतास. तेव्हाही आईने मासाच बंद केला होता. दादा, याला मत्सर म्हणतात. वहीत रकाना नसेल तर आख.

आता दोन प्रश्न. या पंधरा शनिवारी तुझ्या गळ्यात कुठलं कार्ड होतं? आणि दारावर लाल कार्डाबद्दल नेमकं काय टाइप केलंस? शब्दन्‌ शब्द उतरवून काढ, आणि ते वाचल्याशिवाय किल्ली कोणाला देऊ नकोस.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
हेल्मी


थंडर बे
९ फेब्रुवारी २०२५

चि. हेल्मी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

जळजळ फक्त शनिवारी होते. रकाना आखला.

कार्ड लाल होतं, सगळे शनिवार. तळघरातला पंखा घरघरतो, कान भरून जातात, तेव्हा मी दुसरं काय घालणार? आणि दारावर असं आहे: 'लाल कार्ड असलेल्या माणसाशी, तो आपणहून बोलल्याशिवाय, कोणीही बोलू नये. अपवाद नाही.' शेवटचे दोन शब्द मीच आग्रहाने घातले होते. ग्लेंडा त्यात येत नाही, हे तिला कळेल असं मी धरून चाललो. तसं मी कुठेही लिहिलं नव्हतं. आणि नियम जसा लिहिला तसाच पाळणारी माणसं मंडळात मी एकटाच नाही, हे मीच विसरलो.

काल किल्ली खिशात ठेवून गेलो आणि पिवळं कार्ड घातलं. चार मिनिटांनी ग्लेंडा थर्मास घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, सतरा शनिवार ती आधी माझं कार्ड बघून मगच बसत होती. हिशेब बरोबर आहे, माझ्या पंधरांनंतर आणखी दोन झाले, आणि डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी वाचनालय बंद होतं. दुसरा कपही ती दर वेळी माझ्यासाठीच भरायची. कार्ड लाल दिसलं की कॉफी वाया जायला नको म्हणून टेरेन्सला द्यायची.

ती कॉफी मी घेतली. किल्ली खिशातच राहिली.

तेवढ्यात टेरेन्स आला आणि बरोबर एक मीटरवर थांबला. त्याने माझं कार्ड पाहिलं, मग दारावरचा कागद वाचून परत आला. म्हणाला, "पिवळं आहे. मी तुमच्या ओळखीचा आहे का?"

पोटात जळजळत होतंच. तरी मी विचार केला. त्याची साखर किती, हे मला ठाऊक आहे. चमचा किती वेळ फिरतो, हेही. नाही म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं.

मी म्हणालो, "आहेस. खुर्ची आण."

त्याचा तो चुकीचा मार्ग पुढच्या शनिवारी दुरुस्त करून देईन. लोभ आहेच, तो असाच वाढू दे.

तुझा,
आर्वो