दोन्ही पाय सारखे असलेली पँट

मी, खाली सही करणारी, एका शिंप्याची बायको आणि गेली चार वर्षं त्याची विधवा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा कागद दिला, तो सोबत टाचला आहे. सुईत दोरा आता पहिल्या खेपेला जात नाही, पण तो डोळ्यांचा दोष. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घातलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

१. दुकान, मागची खोली आणि बँकेत जे असेल ते मुलीचं. खोलीची खिडकी अडकते. खालून उचलून ओढावी. जोर लावू नये.

२. शिलाईमशीन काजेबटणं करणाऱ्या बाईंना. मी पायडल जड ठेवते म्हणून त्या बावीस वर्षं कुरकुरल्या. आता हवं तेवढं हलकं करून घ्यावं.

३. गिऱ्हाइकांच्या मापांच्या एकतीस वह्या माझ्या धाकट्या दिरांना द्याव्यात. याचं कारण लिहिणं भाग आहे.

भाऊजी ध्यानवर्ग चालवतात. साधनेला देह कसा हवा, यावर ते तासभर बोलू शकतात: पाठ सरळ, अंग प्रमाणात, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. ती लक्षणं वाचनालयातली पुस्तकं आणून मीही वाचली. गुडघ्यापर्यंत हात असलेला माणूस दुकानात आला तर बाहीला कापड किती लागेल, हेच आधी मनात आलं. पण प्रश्न मला खरोखर पडला. आत्म्याला एखादा देह जास्त सोयीचा असतो का? असला तर तो दिसायला कसा?

ह्यांचा डावा पाय दीड इंच आखूड होता. वर्गात मांडी घालता येईना म्हणून भाऊजींनी ह्यांना मागे खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याची मांडी बसत नाही, त्याचं मन काय बसणार?" हे हसत घरी आले. म्हणाले, "खुर्चीवरून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. एक सरळ असेल तर शपथ." ते हसले, मी हसले नाही. अजून हसलेले नाही.

दुकानात नवी होते तेव्हा मी एकदा वहीत लिहिलं होतं, 'उजवा खांदा पडका'. ह्यांनी ते खोडायला लावलं. "भिंत पडते. खांद्याला 'उजवा अर्धा खाली' लिही." तेव्हापासून तसंच लिहिलं; अर्धा म्हणजे अर्धा इंच. एकतीस वह्यांत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला एकही माणूस मला सापडलेला नाही. भाऊजींना सापडला तर त्यांनी मुलीला कळवावं. मला उत्सुकता होती.

४. करड्या कापडाची, कधी न घातलेली पँट मुलीला.

हे स्वतःच्या पँटचा डावा पाय नेहमी दीड इंच आखूड कापत. हे गेल्यावर कपाट आवरताना ही पँट निघाली. दोन्ही पाय सारखे. भाऊजींनी ती उंच धरली. "पाहा वहिनी, दादाला शेवटी कळलं होतं. पुढच्या पूर्ण देहाची तयारी करून गेला." मुलगी रडली. तिला ते पटलं.

मलाही पटलं, आणि ते फार लागलं. इतकी वर्षं ह्यांच्या पँटना इस्त्री मी केली. त्या पायाचं दुःख ह्यांच्या मनात होतं आणि मला पत्ताच नव्हता, असं वाटून दोन वर्षं मी ते कपाट उघडलं नाही. मग कसर लागू नये म्हणून पँट बाहेर काढली आणि हाताच्या सवयीने टेप लावली. उजवा साडेसदतीस. डावा साडेसदतीस. ह्यांचा उजवा पाय एकोणचाळीस होता.

म्हणजे ह्यांनी आखूड पाय खरा धरला आणि लांब पायालाच दीड इंच जास्तीचा ठरवलं. थट्टा केली की विचार केला, मला माहीत नाही. विचारायला ते नाहीत. भाऊजींना हे मी सांगितलेलं नाही. त्यांनी इथेच वाचावं. देह म्हणजे आत्म्याचा कपडा, असं ते म्हणतात. मला मान्य आहे. पण कपडा नुसता खुंटीवर पाहून चांगला की वाईट हे आम्ही कधी ठरवलं नाही. घालणाऱ्याला बसतो का, ते पाहिलं.

५. माझा देह वैद्यकीय कॉलेजला द्यावा. मशीनवर वाकून माझ्या पाठीचं काय झालं, ते मला पाहता येणार नाही, विद्यार्थ्यांनी पाहावं. फॉर्म भरून ठेवला आहे. त्यावर मुलीची सही लागते, नाहीतर कॉलेज देह घेणार नाही. आठ महिने ती जागा कोरी आहे. ती म्हणते, "बाबांना पूर्ण देह हवा होता, आणि तू तुझा कापायला देतेस?"

६. हे कलम आज दुपारी वाढवलं. मुलगी आली, तिने वरचं सगळं वाचलं. पँट काढून टेबलावर पसरली, टेप लावली. एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे.

"साडेसदतीस," ती म्हणाली. मग पँटची घडी घालत, "बाबा पण ना."

टेप गळ्यात अडकवून मला म्हणाली, "ऊठ, उभी राहा."

"कशाला?"

"फॉर्मात उंची विचारलीय. तू अंदाजपंचे ठोकून दिली असशील."

उंचीवर ती थांबली नाही. दुकानातल्यासारखी एकेक माप बोलत गेली आणि मी लिहीत गेले. खांद्यांपाशी तिचा हात रेंगाळला.

"डावा अर्धा खाली."

मी लिहिलं. "आणि सही?"

"हलू नकोस, माप चुकतं."

माप पुरं झाल्यावर तिने फॉर्मवर सही केली. या मापासाठी नवी वही काढावी लागली, ती बत्तिसावी. ती भाऊजींना द्यायची नाही. ती माझ्याबरोबर कॉलेजात जाईल.

लिहून देणार: शिंप्याची बायको (सही)

साक्षीदार, माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सही केलेल्या:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. काजेबटणं करणाऱ्या बाईंची बहीण (सही, बाईंना मशीन मिळणार, म्हणून त्या साक्षीला चालत नाहीत)

ठिकाण: दुकानामागची खोली, कापड बेतायचं टेबल
दिनांक: नऊ मार्च, दुपारी चार