प्लाय सोडून काहीही

सोमवार, ३
नऊ वर्षांपूर्वी नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, डोकं टेकायला फळी करायची तर आधी डोकं लागतं." तिचं सोफे मढवायचं दुकान आहे ना. सगळे हसले. नवरा सगळ्यांत आधी. मी ते मनात अजिबात ठेवलेलं नाही.
रविवारी ती मुक्कामाला येतेय. पलंगाला गादीदार हेडबोर्ड मी स्वतः करणार आणि तिला त्यालाच टेकवणार. तिने तेव्हा प्लाय सुचवला होता. म्हणून प्लाय बाद.

मंगळवार, ४
दुकानदार म्हणाला, ताई, प्लाय घ्या. यालाही तिने फितवलंय. हार्डबोर्ड घेतला. पातळ, हलका. बगलेत मारून आणला.

बुधवार, ५
फोम लावून कापड ताणलं. हार्डबोर्डची कमान झाली. नवऱ्याने विचारलं, हा आपल्याला कुशीत घेणार का? त्याचंही नाव यादीत.

गुरुवार, ६
एमडीएफचा बोर्ड. अठरा मिलिमीटर जाड. माझ्यासारखाच भारदस्त. तो वर चढवताना जिन्यात नवऱ्याची कंबर धरली. (हसला होता ना!) ऑफिसच्या स्टेपलरने पिना मारल्या. सगळ्या वाकल्या. हल्ली पिनांना दर्जा राहिलेला नाही.

शुक्रवार, ७
पार्टिकल बोर्ड. भुसा दाबून केलेला, मऊ, समजूतदार. पिनांऐवजी बारीक खिळे, म्हणजे चुका, मारायचं ठरवलं. दुकानदाराने विचारलं, किती चुका हव्यात? म्हटलं, शंभर. तो उगाच हसला.
कोपऱ्यांच्या घड्या तीनदा उसवून पुन्हा घातल्या. शंभरही चुका वापरल्या.

शनिवार, ८
हेडबोर्ड पलंगाला बसवला. स्क्रू नुसतेच गोल फिरतात, म्हणजे पुरते आत गेलेत. उद्या तिचं तोंड बघायचंय.

रविवार, ९, दुपार
टेकली. हेडबोर्ड मागे गेला, पाठोपाठ ती. पाय वर. स्क्रूच्या भोकांतून भुसा गळत होता.
नवरा हसायला लागला. तिने पडल्या पडल्याच त्याला झापलं, दादा, तू गप्प बस, तुला खिळा तरी सरळ धरता येतो का? मग उठून बोर्ड उलटा केला, मागून बोट फिरवलं. म्हणाली, वहिनी, बोर्ड गंडला, पण चुका काय एका रेषेत मारल्यात! असे कोपरे माझ्या कारागिरालाही जमत नाहीत. प्लाय का नाही घेतला?
म्हटलं, तुम्हीच प्लाय घ्या म्हणाला होतात, म्हणून. म्हणाली, मी? कधी?
तिला काही म्हणजे काही आठवत नाही. नऊ वर्षं मी एकटीच भांडत होते.
उद्या तिच्या दुकानातून प्लाय येणार आहे. मी हो म्हटलंय.
आत्ता ती उलट्या बोर्डाचा फोटो काढतेय. आधी भुशाचा, मग चुकांचा. ऐकणार नाही हे माहीत आहे, तरी जाऊन म्हणते: वन्सं, फॅमिली ग्रुपवर टाकायचाच असेल, तर फक्त चुकांचा टाका.